हाऊएव्हर म्हणजे बट नव्हे: नागपुरात शंकरनगरजवळचा रविवारचा इंग्रजी ग्रामर क्लास, आठ रविवार बसल्यावर

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. त्यातले तीन एकट्या सरांचे आणि उरलेला अर्धा खालच्या टपरीवरच्या चहाचा, क्लासच्या ऑफिसला मी काहीच दिलेलं नाही. नाव लिहीत नाही, कारण एक तर पुढे मी ऑफिसवाल्यांबद्दल थोडं कडक बोलणार आहे आणि दुसरं म्हणजे नाव टाकलं की आत्ताच चाळीसच्या खोलीत बावन्न बसवून राहिले ते उद्या सत्तर बसवतील. शंकरनगर चौकाच्या मेट्रो स्टेशनवरून पायी पाच-सात मिनिटं, दुसरा माळा, एवढं पुरे. ज्याला हवं तो शोधतेच.

मी काहून गेली ते सांगते. मिहानमध्ये एका कंपनीत आहे, बाहेरच्या क्लायंटला बिलांच्या भानगडींचे मेल लिहायचे, दिवसभर तेच. शिक्षण महालातल्या मराठी शाळेत, मग बी.कॉम., इंग्रजी सगळं काम करता करता आलेलं. मार्चमध्ये टीम लीडनी माझा एक मेल मीटिंगमध्ये स्क्रीनवर लावला. वाक्य होतं, "वी हॅव चेक्ड द इनव्हॉइस, हाऊएव्हर द अमाउंट इज नॉट मॅचिंग." हाऊएव्हरच्या आधीच्या कॉमाला क्लायंटनी लाल गोल मारलेला. मी म्हटलं यात काय चुकलं, बटच्या जागी जरा भारी शब्द टाकला एवढंच तर केलं. लीड म्हणे याला कॉमा स्प्लाइस म्हणतात. म्हणजे काय विचारलं तर म्हणे गूगल कर. गूगल केलं, पंधरा पानं वाचली, आणखी गोंधळ झाला, मग एका मैत्रिणीनी हा क्लास सांगितला. 3,200 रुपये, आठ रविवार, दोन-दोन तास. खापरीहून मेट्रोत बसा, सीताबर्डीला लाइन बदला, शंकरनगरला उतरा, मे महिन्यात एवढा एसी प्रवास हाच अर्धा फायदा वाटला मला तर.

पहिल्या दिवशी वाटलं होतं की नाउन-प्रोनाउनपासून सुरू होईल आणि आपण झोपू. सर आले, साठी ओलांडलेले, आधी अजनीच्या लोको शेडमध्ये नोकरी होती म्हणे आणि नोकरीत असतानाच इंग्रजीत एमए केलं. पिशवीतून जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचे कापलेले कागद काढले, प्रत्येकावर मार्करनी शब्द लिहिलेले, आणि पुढच्या दोन बाकांवरच्या सगळ्यांना उठवलं. एका पोरीच्या हातात अख्खं "द बस वॉज लेट", तिच्यापासून थोडं दूर तिघांच्या हातात "वी", "रीच्ड", "ऑन टाइम". माझ्या हातात आलं "बट". सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या जागेवर उभ्या राहा." मी दोन्हीच्या मधात उभी राहिली. "आता दुसरी जागा शोधा." वीच्या नंतर गेली, "वी बट रीच्ड ऑन टाइम", सगळे हसले. एकदम शेवटी गेली, वाक्य लटकलं. परत आली मधात. मग माझ्या हातातला कागद बदलला, आता "हाऊएव्हर". वीच्या आधी उभी राहिली, चालते. वीच्या नंतर, चालते. सगळ्यात शेवटी ऑन टाइमच्या मागे, तेही चालते. तीन ठिकाणी फिरून झाल्यावर सर म्हणाले, "जो असा कुठेही फिरू शकते तो दोन वाक्यं जोडत नसते. जोडणाऱ्याला जागा सोडता येत नाही."

सहा वर्षं मेल लिहून मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग फळ्यावर दोन इंजिनं काढली. सरांचं सगळं रेल्वेतूनच येते, कंटाळा येईल असं वाटलं होतं पण नाही आला. प्रत्येक क्लॉज, म्हणजे स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असलेला वाक्याचा तुकडा, एक इंजिन, स्वतःच्या ताकदीवर धावते. बट, अँड, सो हे कपलिंग, दोन इंजिनांच्या मधात लागते आणि तिथेच राहते. हाऊएव्हर, देअरफोर, मोरओव्हर, नेव्हरदलेस, अदरवाइज, मीनव्हाइल ही मंडळी कपलिंग नाही, ती दुसऱ्या इंजिनात बसलेली माणसं आहेत. हातात वॉकीटॉकी घेऊन पुढच्या इंजिनाशी बोलतात, तुझ्या म्हणण्याला माझा विरोध आहे, तुझ्यामुळे माझं असं झालं, वगैरे. पण वॉकीटॉकीवर बोलल्यानी गाडी जोडल्या जात नाही ना बाप्पा! म्हणून त्यांच्या आधी एक तर फुलस्टॉप द्या नाही तर सेमीकोलन (;), आणि त्यांच्यानंतर कॉमा. माझ्या मेलमधला कॉमा म्हणजे दोन इंजिनं सुतळीनी बांधलेली, हाच तो कॉमा स्प्लाइस.

खरी कपलिंगं फक्त सात आहेत, फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. पहिली अक्षरं घेऊन इंग्रजीत फॅनबॉइज असा शब्द करतात, स्पर्धा परीक्षेच्या पोरांना तो आधीच पाठ होता, अर्थ मात्र एकालाही सांगता आला नाही. त्यातला कारणवाला फॉर आता जुन्या गोष्टींच्या पुस्तकातच दिसते, मेलमध्ये टाकू नका, उगाच दीडशे वर्षांपूर्वीचे वाटाल. मला सगळ्यात जास्त देननी मारलं. "आय चेक्ड द फाइल, देन आय कॉल्ड द क्लायंट" असं मी रोज लिहायची, डोक्यात आपलं मग चालू असते ना, फाइल पाहिली मग फोन केला. देनसुद्धा वॉकीटॉकीवाला निघाला. अँड देन लिहा, झालं काम.

तिसऱ्या रविवारी बिकॉज, ऑलदो, इफ, अनलेस, व्हेन ही जमात. बिकॉज लागला की चांगल्या धावत्या इंजिनाचा डबा होते. "द सर्व्हर वॉज डाउन" एकटं धावत होतं, आता "बिकॉज द सर्व्हर वॉज डाउन" एकटं उभंच राहत नाही, त्याला इंजिन लागते. डबा इंजिनाच्या मागे लावा की पुढे लावा, दोन्ही चालते, फक्त पुढे लावला तर मधात कॉमा द्या. पण डब्याच्या आत बिकॉज हलत नाही, तो आपल्या दारातच उभा. म्हणजे तीन वर्तणुकी झाल्या, एक मधात रुतलेला, एक डब्याच्या दारात उभा पण डब्यासकट इकडून तिकडे जाणारा, आणि एक आतल्या आत हिंडणारा. शाळेत आपण हेच शिकलो होतो खरं तर, संयुक्त वाक्य, मिश्र वाक्य, उभयान्वयी अव्ययाचे प्रधानत्वसूचक आणि गौणत्वसूचक प्रकार, मार्क मिळवले आणि विसरलो. सरांनी ते शब्द फळ्यावर लिहिले तेव्हा मागून कोणीतरी म्हटलं, "सर हे तर आठवीत होतं." सर म्हणे, "मग आठवीत काय करून राहिला होता बे?"

आता ज्यासाठी मी तीन स्टार दिले ते. चौथ्या रविवारी सरांनी मराठीत दोन वाक्यं लिहिली, "सगळे आले, पण तो आला नाही" आणि "सगळे आले. तो मात्र आला नाही." म्हणाले, हलवून पाहा. "पण" हलत नाही. म्हणजे "तो पण आला नाही" केलं तर अर्थच बदलते, तोसुद्धा आला नाही असं होते. आणि मात्र? तो मात्र आला नाही, आला मात्र नाही, जिथे बसते तिथल्या शब्दाला चिकटून जोर देते आणि वाक्य काही तुटत नाही. बट म्हणजे पण, हाऊएव्हर म्हणजे मात्र. इतकं साधं! ज्या गोष्टीसाठी पंधरा वेबसाइट वाचल्या ती आपल्याच तोंडात होती. (पेपरवाले आजकाल मात्रनीच वाक्य सुरू करतात, त्याच्यापुढे कॉमा देतात, ते बहुतेक उलट इंग्रजीतून आलं असावं असा माझा आपला अंदाज.) सर हेही म्हणाले की हाऊएव्हरचा एक जुळा भाऊ आहे, "हाऊएव्हर हार्ड यू ट्राय", तिथे अर्थ कितीही असा होते आणि तो बिकॉजसारखा दारात उभा राहते, तिथे त्याच्यानंतर कॉमा देऊ नका. मी दिला असता.

आमच्या बॅचमध्ये सक्करदऱ्याहून एक काका येत, बँकेतून रिटायर, नातवाला शिकवायचं म्हणून स्वतः शिकून राहिले. ऑलदोच्या दिवशी सगळ्या बावन्न जणांना "जरी पाऊस आला तरी आम्ही गेलो" याचं इंग्रजी लिहायला दिलं, निम्म्याहून जास्त जणांनी "ऑलदो इट रेन्ड, बट वी वेंट" लिहिलं. मीपण. जरीचं ऑलदो, तरीचं बट, हिशोब बरोबर! इंग्रजीला दोन्ही चालत नाही, एकच द्या. जुन्या इंग्रजीत दो, म्हणजे ऑलदोच, त्याच्या जोडीला येट यायचा, पण बट नाहीच. तर काकांनी हात वर केला आणि म्हणाले, "सर, आपल्याकडे जरी गाळता येते. पाऊस आला तरी आम्ही गेलो, हे चालते. तरी गाळून पाहा, जरी पाऊस आला आम्ही गेलो, कसंतरीच वाटते." सर दोन मिनिटं गप्प. मग सगळ्यांकडून जर-तर करून घेतलं. पाऊस आला तर मॅच रद्द, चालते. जर पाऊस आला मॅच रद्द, अडखळते. इंग्रजीत नेमकं उलटं, इफ ठेवावाच लागते आणि देन गाळला तरी चालते. म्हणजे मराठी दुसऱ्या टोकाला गाठ मारते आणि इंग्रजी पहिल्या टोकाला, आणि आपण भाषांतर करताना दोन्ही टोकांना मारून ठेवतो. सरांनी काकांना चहा पाजला त्या दिवशी.

तसंच जोपर्यंतचं. "जोपर्यंत पेमेंट येत नाही तोपर्यंत माल सोडू नका", आपल्या वाक्यात नाही आहे म्हणून इंग्रजीतही "अनटिल द पेमेंट डझ नॉट कम" लिहिल्या जाते. अनटिलला तो नॉट नको, "अनटिल द पेमेंट कम्स". अनलेसचंही तेच, त्याच्या पोटातच नकार आहे. इतवारीत होलसेलचं दुकान असलेला एक मुलगा होता, तो म्हणे माझ्या बाबांनी दहा वर्षांपासून पावतीच्या खाली हेच छापलं आहे, आता पावती पुस्तकं संपेपर्यंत चूप बसतो.

माझ्या कामाचं आणखी एक निघालं ते सिन्स. मी एकदा लिहिलं होतं, "सिन्स द सॉफ्टवेअर वॉज अपडेटेड, टोटल्स आर डिफरंट", मला म्हणायचं होतं अपडेटनंतर. क्लायंटनी वाचलं अपडेटमुळे, आणि त्यांची टेक्निकल टीम आमच्या अंगावर आली की पुरावा द्या. सिन्सचे दोन्ही अर्थ होतात, व्हाइलचेही दोन, त्या वेळी आणि त्याउलट. जिथे दोष कोणाचा हा प्रश्न आहे तिथे सरळ आफ्टर लिहा किंवा बिकॉज लिहा. हे मी आता टीमच्या ग्रुपवर पिन केलं आहे.

चला, आता तक्रारी. पाचव्या रविवारी सर आले नाहीत, ऑफिसनी एक तरुण मास्तर पाठवले, त्यांनी दोन तासात ठासून सांगितलं की अँड आणि बटनी वाक्य सुरू करणं चूक आणि बिकॉजनी सुरू करणं तर महाचूक. अरे, मागच्याच्या मागच्या रविवारी आम्ही डबा पुढे लावायला शिकलो! काकांनी विचारलं तर म्हणे परीक्षेत हेच चालते. सहाव्या रविवारी सरांनी सगळं पुसून परत शिकवलं, बटनी वाक्य सुरू करायला बंदी नाही, दर वाक्य तसं करू नका एवढंच. म्हणजे आमचा एक रविवार गेला आणि त्याचे पैसे कोणी परत केले नाही, मागितले तर काउंटरवरची मुलगी म्हणे ताई लेक्चर तर झालं ना.

नोट्स 250 रुपयांच्या वेगळ्या, हे अ‍ॅडमिशनच्या वेळी सांगत नाहीत. त्या नोट्समध्ये पान नऊवर ठळक अक्षरात "नो सूनर ... व्हेन" छापलं आहे. दॅन पाहिजे. व्हेन लागते हार्डली आणि स्केअर्सलीला. परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या नोट्समध्ये नेमकी हीच चूक म्हणजे कमाल आहे राजेहो, कारण पेपर काढणाऱ्यांना हाच प्रश्न सगळ्यात जास्त आवडते. सांगून तीन आठवडे झाले, अजून त्याच झेरॉक्स विकून राहिले. एसी आहे पण तो नुसता लावला आहे, चालवत नाहीत. मे महिन्यात नागपुरात दुपारी चार ते सहाची बॅच ठेवणाऱ्याला मी काय बोलू.

सातव्या रविवारी मात्र पैसे वसूल झाले. सरांनी अमेरिकेतल्या मेन नावाच्या राज्यातल्या एका डेअरीची केस सांगितली. तिथल्या कायद्यात कोणत्या कामांना ओव्हरटाइम मिळणार नाही याची यादी होती, डबाबंद करणं, साठवणं अशी एकेक कामं, आणि शेवटी "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन". ऑरच्या आधी कॉमा नाही. दुधाच्या गाडीवरचे ड्रायव्हर म्हणाले, आम्ही पॅकिंग करत नाही, आम्ही वाटप करतो, आणि या वाक्यात वाटप हे वेगळं काम म्हणून आलेलंच नाही, पाठवण्यासाठीचं किंवा वाटपासाठीचं पॅकिंग एवढंच आलं आहे. 2017 मध्ये अपील कोर्टानी सांगितलं की वाक्य दोन्हीकडे झुकते, आणि निकाल ड्रायव्हरांच्या बाजूनी गेला. पुढच्या वर्षी डेअरीनी 50 लाख डॉलरला तडजोड केली. एका ऑरनी काय काय जोडलं आणि कुठे थांबलं यावर 50 लाख डॉलर! नंतर त्या राज्यानी कायद्यातलं ते वाक्य बदललं आणि कामांच्या मधात सेमीकोलन टाकले. माझ्या शेजारचा पोरगा जो सात आठवडे फोनमध्ये डोकं घालून बसला होता त्यानी फोन खाली ठेवला.

सेमीकोलनबद्दल सर फार प्रेमानी बोलतात. आपल्याकडे त्याला अर्धविराम म्हणतात, शाळेत चिन्ह ओळखा याला एक मार्क असते आणि त्यानंतर आयुष्यभर कोणी वापरत नाही. जुन्या मराठीत तर दंडाशिवाय फारसं काही नव्हतंच, मोडी लिपीत तर शब्दही सलग लिहायचे, ही विरामचिन्हं इंग्रजांच्या काळात मेजर कँडी नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानी मराठीत आणली. म्हणून बहुतेक आपला हात कॉमावरच जाते, श्वास घ्यायची जागा आली की कॉमा. बोलताना चालते ते. हा रिव्ह्यूच बघा ना, कॉमा मोजायला बसाल तर चहा थंड होईल, पण हे मराठी आहे आणि माझं आहे, क्लायंटला जाणार नाही.

कोणी जावं? मेल, नोटीस, रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी जावं. बोलायला शिकायचं असेल तर नका जाऊ, आठ रविवारांत आम्ही एकदाही इंग्रजीत बोललो नाही, सर स्वतः अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलतात. एमपीएससी-एसएससीवाल्यांना वेग पाहिजे असते, सर एका हाऊएव्हरवर दोन तास काढतात, ती पोरं चिडतात आणि मधातच उठून खाली तर्री पोहे खायला जातात. ऑफिसशी बोलताना तीन गोष्टी आधीच लिहून घ्या, नोट्सचे पैसे, सर स्वतः किती लेक्चर घेणार, आणि एसी.

मागच्या आठवड्यात तोच मेल परत लिहायची वेळ आली, क्लायंट तोच, बिल दुसरं. "वी हॅव चेक्ड द इनव्हॉइस; द अमाउंट, हाऊएव्हर, इज नॉट मॅचिंग." लाल गोल आला नाही. पैसेही आले नाहीत म्हणा, ते वेगळं.

नवीन बॅच जूनच्या पहिल्या रविवारी आहे असं काउंटरवर लिहिलं होतं. अर्धा तास आधी जा आणि पहिल्या तीन बाकांत जागा धरा, पंखा तिथेच आहे आणि मागून फळ्यावरचा कॉमा आणि सेमीकोलन सारखाच दिसते.